कोल्ड फ्यूजन: दावा मोठा, पुरावा कुठे?

कोल्ड फ्यूजन म्हणजे काय?
सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकत्र येतात आणि ऊर्जा बाहेर पडते. हेच काम टेबलावरच्या भांड्यात, साध्या तापमानाला होतं, असा हा दावा. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी तो जाहीर केला. जड पाण्यात पॅलेडियमचा इलेक्ट्रोड ठेवून वीज सोडली, तर जास्तीची उष्णता मिळते, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडे काय झालं?
ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तेव्हा पी. के. अय्यंगार संचालक होते. तिथल्या अनेक गटांनी लगेच प्रयोग केले. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम सापडल्याचं त्यांनी कळवलं. पण हवं तेव्हा तोच निकाल मिळेना. पुढे काम थंडावलं.

शंका कशाची?
नेहमीच्या फ्यूजनमधून एक वॅट उष्णता मिळाली, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटायला हवेत. शेजारी उभ्या माणसाला ते जीवघेणे ठरले असते. इथे त्या मानाने काहीच दिसलं नाही.

मग पैसा द्यायचा का?
लातूर-नांदेडच्या कॉलेजांत बोलायला गेलो की पोरं विचारतात, "सर, शेजारी हिंगोलीत लायगोला २,६०० कोटी, मग याला का नाही?" प्रश्न रास्त आहे. गुरुत्वीय लहरी सापडल्याचा वेबर यांचा १९६९चा दावाही इतरांना पडताळता आला नव्हता. पण लहर किती सूक्ष्म असेल, यंत्र किती संवेदनशील लागेल, याचं गणित सिद्धांताने आधीच दिलं होतं. २०१५ मध्ये दूरदूरच्या दोन यंत्रांनी एकच लहर टिपली. कोल्ड फ्यूजनकडे असं गणितही नाही न् पडताळाही नाही.

तरी दार पूर्ण बंद नाही. गुगलच्या पैशावर झालेल्या संशोधनाला २०१९ पर्यंत पुरावा मिळाला नाही. पण त्यातून मोजमापाच्या चांगल्या पद्धती हाती आल्या. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या एआरपीए-ई संस्थेने आठ प्रकल्पांना मिळून १ कोटी डॉलर दिले.

माझं मत सांगतो: पैसा द्यावा, पण थोडा, मुदतीचा आणि अटीवर. अट एकच. निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्यांच्या हातून निघाला पाहिजे. तोवर कुणी "कोल्ड फ्यूजनच्या कंपनीत गुंतवा" म्हणालं, तर खिशाला हात घालू नका.