मद्रासचे हायस्कूल आणि तंजावरचे मराठी

चेन्नईच्या मरिना किनाऱ्यासमोर उभी असलेली प्रेसिडेन्सी कॉलेजची इमारत रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने रचली आणि ती १८७० साली पूर्ण झाली. या कॉलेजचा उगम मात्र एका हायस्कुलात आहे. एप्रिल १८४१ मध्ये एग्मोर येथे ‘मद्रास युनिव्हर्सिटी’ असे भारदस्त नाव घेऊन एक संस्था सुरू झाली. प्रत्यक्षात तिचा एकच विभाग अस्तित्वात आला. तो म्हणजे हे हायस्कूल. मराठी वाचकाने या शाळेचा इतिहास पाहावा याचे कारण तंजावर आणि बडोदे या दोन मराठी संस्थानांशी असलेला तिचा संबंध हे होय.

ही शाळा केवळ सरकारी इच्छेतून जन्मली नाही. युरोपीय ज्ञानाचे उच्च शिक्षण देणारी संस्था हवी, असा सुमारे ७०,००० सह्यांचा अर्ज १८३९ साली अॅडव्होकेट जनरल जॉर्ज नॉर्टन यांच्या पुढाकाराने गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना सादर करण्यात आला. हे एल्फिन्स्टन म्हणजे मुंबईच्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनांचे पुतणे. पुढे तेही मुंबईचे गव्हर्नर झाले. शाळेचे मुख्याध्यापकपद केंब्रिजचे गणिती एअर बर्टन पॉवेल यांच्याकडे आले आणि पहिली पिढी त्यांच्याच हाताखाली घडली.

तथापि दक्षिणेत नव्या विद्येचा आरंभ मद्रासेत झाला असे मानणे योग्य नव्हे. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांनी ‘नवविद्याकलानिधि’ या नावाने शाळा आणि छापखाना चालविला होता. त्यांच्या शाळांतून मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी या भाषा शिकविल्या जात. इसापच्या गोष्टींचा ‘बाळबोधमुक्तावली’ हा मराठी अनुवाद याच छापखान्यातून १८०६ साली बाहेर पडला. मुंबई इलाख्यात मराठी शालेय पुस्तके निघण्यापूर्वीच तंजावरात नवी विद्या मराठीतून सांगण्याचा प्रयत्न झाला होता. सरफोजीराजे १८३२ साली निवर्तले आणि त्या प्रयत्नामागील राजाश्रयाचे बळ ओसरले.

अशा वेळी तंजावरी मराठी कुटुंबांतील तरुणांना मद्रासच्या हायस्कुलाने नवी वाट दाखविली. त्यांतील सर्वांत ठळक नाव तंजावर माधवराव यांचे. त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. कारभार घरातच होता, परंतु त्याची भाषा आता बदलत होती. पॉवेल यांच्याजवळ माधवराव गणित आणि खगोलशास्त्र शिकले. बांबूच्या नळ्यांत बाजारातील भिंगे बसवून त्यांनी दुर्बिणी केल्याचे चरित्रकार सांगतात. १८४६ साली ‘प्रोफिशंट’ ही पदवी त्यांना प्रथम वर्गात मिळाली. पुढे न्यायमूर्ती झालेले टी. मुथुस्वामी अय्यर आणि दिवाण शेषय्या शास्त्री हेही याच शाळेचे विद्यार्थी होत.

शाळेचे सार्वजनिक स्वरूप मात्र आपोआप टिकले नाही. १८४६ साली गव्हर्नर लॉर्ड ट्वीडेल यांनी बायबल हे क्रमिक पुस्तक म्हणून लावण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मद्रासच्या नागरिकांनी सभा भरवून विरोध केला. गाझुलू लक्ष्मीनरसू चेट्टी हे या विरोधाचे अग्रणी होते. लंडनच्या संचालकांनीही प्रस्तावास संमती दिली नाही. ज्यांनी अर्ज करून शाळा मागितली, त्यांनीच ती सर्वांची राहील हे पाहिले.

१८५५ या एकाच वर्षी हायस्कुलाचे रूपांतर प्रेसिडेन्सी कॉलेजात झाले आणि तंजावरचे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्याने ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. मोडी लिपीत चालणारा कारभार दप्तरखान्यात गेला. मराठी घरात उरली, कचेरीत इंग्रजी आली. ही हानी शाळेने घडविली नाही, परंतु तिची भरपाईही शाळेला करता आली नाही.

माधवराव १८५८ ते १८७२ त्रावणकोरचे, नंतर इंदूरचे आणि १८७५ ते १८८२ बडोद्याचे दिवाण होते. बडोद्यात त्यांनी तरुण सयाजीरावांना राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने इंग्रजीत छापली गेली. शिकविणारा आणि शिकणारा दोघेही मराठी, पण विद्येची भाषा पॉवेल यांच्या वर्गातली. त्यांच्याच काळात स्थापन झालेल्या बडोदे कॉलेजच्या घुमटाकार इमारतीचा वास्तुविशारदही चिझमच होता.

परंतु गोष्ट येथेच थांबत नाही. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते देशी भाषांतून. मद्रासच्या शाळेत मोजक्या मुलांना मिळालेली विद्या बडोद्यात गावोगावच्या मुलांसाठी लोकभाषेत उतरू लागली. सरफोजीराजांचा खंडित झालेला प्रयत्न असा इंग्रजीच्या वळणाने पुन्हा मार्गी लागला. या वळणाची किंमत तंजावरच्या मराठीने मोजली, हे तिचा इतिहास लिहिणाऱ्याने विसरू नये.