कुर्डी: बुडालेल्या गावाची खूण

गोव्याच्या ‘कदंब’ बसवरचा सिंह बघितलाय ना? तो कदंब राजांचा. राजांना राजचिन्ह असतं, पण साध्या गावाला काय?

सांगे तालुक्यातलं कुर्डी १९८०च्या दशकात साळावली धरणात गेलं. माणसं वाडे, वालकिणी इथल्या वसाहतींत आली. कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगड-दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलं. जांभ्या दगडातली मातृदेवी वेर्ण्याला गेली. सोमेश्वर मात्र तिथेच राहिला. मे महिन्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं आणि जुने गावकरी उत्सवाला जमतात.

मग गावाची खूण कुठे उरली? मला विचाराल तर आडनावात. १९०४ साली कुर्डीत जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकर (हो, किशोरीताई आमोणकरांच्या आई!) मुंबईत गायल्या, पद्मभूषण झाल्या, पण नाव गावाचंच लावलं. ढाल नाही, सिंह नाही. ‘कर’ ही दोन अक्षरं.

मी गेलो तेव्हा घरांची जोती आणि विहिरी दिसत होत्या. एक आजोबा नातवाला म्हणाले, “हा आमचा उंबरठा.” नातवाने चप्पल काढली.

तुम्हाला जायचंय? पाऊस लागायच्या आत जा.