७०० डॉलर आणि छपराची बैलगाडी

आठवीला इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मिनियापोलिसच्या डॉन रॉविचबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे. १९७१ साली कार्लटन कॉलेजचा हा पोरगा छात्रशिक्षक म्हणून आठवीच्या वर्गावर गेला. धडा होता गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या पश्चिमेकडच्या स्थलांतराचा. नकाशा, पत्ते आणि फासे घेऊन त्याने एक पट मांडायला घेतला होता. खोलीतले सोबती बिल हायनमन आणि पॉल डिलेनबर्गर गणितवाले. ते म्हणाले, अरे, कॉम्प्युटरवरच करू की! दोन आठवड्यांत प्रोग्रॅम उभा राहिला आणि ३ डिसेंबरला ‘ओरेगॉन ट्रेल’ वर्गात आला. (आमच्या शाळेत त्या सुमारास नकाशा अडकवायला खिळा मिळाला तरी पुष्कळ.)

व्हिडिओ गेम म्हणावा तर त्याला पडदाच नव्हता. टेलिफोनच्या तारेने दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं टेलिटाइप यंत्र खडखडत कागदाच्या गुंडाळीवर मजकूर छापायचं. पुढे १९७८ साली हा प्रोग्रॅम एका मासिकात छापून आला. त्यात साल १८४७, प्रवास इंडिपेंडन्सपासून ओरेगॉन सिटीपर्यंत २०४० मैलांचा. गाडी घेतल्यावर हातात उरतात ७०० डॉलर. बैल, अन्न, काडतुसं, कपडे, औषधं सगळं त्यातच बसवायचं. बैल स्वस्तातले घेतले तर वाट सरत नाही, कपड्यांत हात आखडला तर डोंगरात थंडी गाठते. शिकारीला ‘बँग’ झटपट टाइप करायचं; बोट अडखळलं की सावज पसार.

यंत्र एक आणि पोरं वर्गभर. मग त्यांनीच कामं वाटून घेतली: ज्याची बोटं चपळ तो शिकारी, कुणी नकाशावर, कुणी हिशेबाला. माझ्या मते खरा तास इथे झाला. काडतुसं घ्यायची की कोट, यावर भांडलेला मुलगा ते स्थलांतर सहजी विसरत नाही.

सत्र संपल्यावर रॉविचने प्रोग्रॅम पुसून टाकला, पण त्याची छापील प्रत जपली. मिनेसोटातल्या शाळांच्या कॉम्प्युटर-शिक्षणासाठी राज्याने मेक ही संस्था काढली होती. १९७४ साली तिथे नोकरी लागल्यावर त्याने तो सगळा पुन्हा टाइप केला. या खेपेला मात्र आधी त्या प्रवाशांच्या रोजनिश्या वाचल्या. वादळ किती वेळा, आजार किती वेळा, याचं प्रमाण त्या नोंदींवरून बसवलं. फाशाला पुराव्याचा आधार देणारा हा माणूस मला अस्सल इतिहासाचा मास्तर वाटतो.

एक गोष्ट मात्र खटकते. खेळणारा कायम गाडीतच बसलेला. ज्यांच्या मुलखातून ती गाडी चालली, त्यांच्या बाजूने खेळायची सोयच नव्हती, आणि १९८५ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं आली तेव्हाही बैठक तीच राहिली. त्या आवृत्तीने अमेरिकेतल्या एका पिढीला आमांशाने मरायला शिकवलं. तिच्या लाखो प्रती खपल्या, पण मूळ तिघांना रॉयल्टी म्हणून काही मिळालं नाही. मास्तरकीत ते धरूनच चालायचं.