स्किट जमलं की फसलं? बतावणीपासून हास्यजत्रेपर्यंत हशाचा हिशेब



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात हे काय मध्येच. टीव्हीवर विनोदी स्किटांचा कार्यक्रम लागतो, आपण जेवता जेवता पाहतो, आणि ताट उचलताना निकाल देऊन मोकळे होतो. 'आजचा भाग भारी होता', नाहीतर 'आज काही जमलं नाही बाप्पा'. हा निकाल आपण कशावरून देतो? हसू आलं म्हणून जमलं आणि नाही आलं म्हणून फसलं, एवढंच असतं का?

मला वाटतं, तेवढंच नसतं. हशा मोजण्याच्या रीतीलाही इतिहास आहे. हसायला लावणारा आणि हसणारा यांच्यामध्ये किती अंतर आहे, यावर ती रीत बदलत गेली. बडनेऱ्यात बसून हा विषय काढायचं कारणही आहे. या कार्यक्रमांत आता आपली वऱ्हाडी बोली येते. ती कधी माणूस म्हणून येते, कधी नुसती टोपी घालून येते. या दोन्हींतला फरक आपण ओळखला नाही, तर तो दुसरं कोण ओळखणार?

समोर बसलेला परीक्षक

आधी जुन्या काळात जाऊ. तमाशाचा क्रम आपल्याला माहीत आहे. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. यातली बतावणी म्हणजे काय? दोन-तीन माणसं, एक छोटा प्रसंग, सोंगाड्याचं हजरजबाबी बोलणं आणि एक वाकडा शेवट. आजच्या भाषेत सांगायचं तर स्किट. पण एक फरक आहे. बतावणीचा परीक्षक समोर जमिनीवर बसलेला असायचा. त्याला आवडलं तर तो फेटा उडवायचा, नाही आवडलं तर उठून जायचा. सोंगाड्याला निकाल त्याच क्षणी कळायचा, आणि त्याच क्षणी तो पुढचं वाक्य बदलायचा.

ही कला शहरी रंगभूमीवर आली ती लोकनाट्यातून. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं. दादा कोंडके त्यात हवालदार. लिहिलेली संहिता होती, पण कोंडके त्या त्या गावातल्या, त्या त्या दिवसाच्या गोष्टी बोलण्यात ओवायचे. त्यामुळे एकच प्रयोग दोनदा पाहिला तरी तो दोनदा तोच नसायचा. आता सांगा, अशा प्रयोगात जमलं काय आणि फसलं काय, हे कागद पाहून ठरेल का? ते त्या रात्रीच, त्या गर्दीतच ठरतं.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्याचा सगळ्यांत मोठा दाखला घ्यायचा, तर तो विनोदी नट नव्हताच. ते होते गाडगेबाबा. शेंडगावला १८७६ साली जन्म. बाबांच्या कीर्तनात विनोद होता, नक्कल होती, संवाद होता. बाबा समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. कर्ज काढून लग्न करता का, देवाला बकरं कापता का, पोरांना शाळेत घालता का. लोक उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता आपल्याच उत्तरावर हसायचे. १९५६ मध्ये, म्हणजे बाबा गेले त्याच वर्षी, मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते जरूर ऐका. बाबा मुंबईत उभे आहेत आणि बोलणं मात्र अस्सल आपल्याकडचं आहे. समोरची माणसं हसतात. पण त्यांच्या बोलीला कोणी हसत नाही. हसतात ते स्वतःला.

हा मुद्दा लक्षात ठेवा. हशा किती झाला हे नंतर पाहू. आधी पाहायचं, की तो कोणावर झाला.

कागदावरचा विनोद

दुसरी वाट कागदाची. मराठीत आधुनिक विनोदी लेखनाचा पाया घातला तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी. त्यांचा 'साक्षीदार' हा पहिला विनोदी लेख १९०२ साली 'विविधज्ञानविस्तार'मध्ये आला आणि पुढे 'सुदाम्याचे पोहे' झाले. कोल्हटकर राहायचे कुठे? आपल्याच मुलखात. अकोला, खामगाव, जळगाव जामोद इथं त्यांनी वकिली केली. म्हणजे गडकरी आणि अत्रे ज्यांना गुरू मानतात तो माणूस वऱ्हाडातल्या कोर्टकचेऱ्यांतून विनोदाचा कच्चा माल उचलत होता. पण लिहिलं ते प्रमाण मराठीत, कारण वाचक मुंबई-पुण्यापर्यंत पसरलेला. इथं हसवणारा आणि हसणारा पहिल्यांदा एकमेकांपासून दूर गेले. वाचक हसला की नाही, हे लेखकाला दिसत नाही. मग तो सगळीकडे चालेल अशा भाषेत लिहितो. यात कोल्हटकरांचा दोष नाही, ती छापखान्याची अट होती. हीच अट पुढे टीव्हीनं उचलली.

डब्यातलं हसू

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सुरुवातीच्या काळातला विनायक चासकरांचा 'गजरा' हा कार्यक्रम ज्येष्ठांना आठवत असेल. छोट्या छोट्या नाटुकल्या एका सूत्रात ओवलेल्या, म्हणून नाव गजरा. मराठी टीव्हीवर स्किटांची वाट पाडली ती या कार्यक्रमानं. पण नटासमोर आता कॅमेरा होता. हसणारा माणूस आपापल्या घरात.

ही अडचण जगभर होती. अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं १९५० च्या दशकात एक यंत्रच तयार केलं. बटण दाबलं की मुद्रित केलेलं हसू वाजायचं. म्हणजे विनोद जमला की नाही, हे प्रेक्षकानं सांगायच्या आधीच पेटीनं सांगून टाकलं.

त्याच देशात बरोबर उलटा प्रयोग १९७५ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कला सुरू झाला. 'सॅटरडे नाइट लाइव्ह'. शनिवारी रात्री साडेअकराला, थेट प्रक्षेपण. चुकलं तर चुकलं, पुन्हा घेणं नाही. त्यांची आठवड्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मंगळवारी रात्रभर लेखक लिहितात. बुधवारी टेबलाभोवती बसून सगळं वाचलं जातं, आणि त्यातलं बरंचसं तिथंच गळतं. शनिवारी संध्याकाळी खऱ्या प्रेक्षकांसमोर संपूर्ण रंगीत तालीम होते. त्या प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून आणखी काही स्किटं काढतात, काहींचा क्रम बदलतात. एवढं करूनही प्रत्येक भागात काही जमतं, काही सपशेल पडतं. पन्नास वर्षं झाली, दर रविवारी तिथले समीक्षक यादी करतात की काल काय जमलं आणि काय फसलं. त्या कार्यक्रमाची गंमत यातच आहे, की पडलेलं स्किटही पडताना दिसतं.

आपल्याकडे तसं नाही. आपले कार्यक्रम प्रेक्षकांसमोर होतात, पण मुद्रित होतात. संकलनाच्या टेबलावर जातात, कात्री लागते, मग आपल्याला दिसतात. म्हणून आपल्या हातात येतो तो निकाल थोडा तयार झालेला असतो. शिवाय एक नवी गोष्ट आली, मंचावरचा परीक्षक. 'फू बाई फू'मध्ये निर्मिती सावंत आणि स्वप्नील जोशी. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ ला सुरू झाली, त्यात सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक. स्किट चालू असताना कॅमेरा अधूनमधून त्यांच्या चेहऱ्यावर जातो. ते हसतात, खुर्चीत वाकतात, टाळी देतात. त्यांचं हसणं खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण आपण घरी बसून विनोदाकडे पाहायच्या आधी त्यांच्या हसण्याकडे पाहतो, हे तर खरं? मग एखाद्या भागाला गुण द्यायचे तर आपलं आपण काय पाहायचं?

तीन कसोट्या

पहिली कसोटी शेवटाची. स्किट सुरू करणं सोपं असतं. नवरा-बायको, शेजारी, दुकानदार-गिऱ्हाईक, कल्पना लगेच पटते. फसतं ते शेवटाला. जिथं शेवट सापडत नाही तिथं नट आरडाओरडा करतात, एकमेकांना मारतात, नाहीतर गाणं लागतं आणि सगळे नाचतात. बतावणीचं बरं होतं, तिला वगात जाऊन मिळायचं असायचं. टीव्हीच्या स्किटला स्वतःच्या पायावर थांबावं लागतं. 'हास्यजत्रे'चे दिग्दर्शक-लेखक सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांचं यश मला इथं दिसतं. चांगल्या भागात समीर चौघुलेंचं पात्र ज्या वेडापासून सुरू होतं, ते वेड वाढत वाढत टोकाला जातं आणि तिथंच स्किट संपतं. मध्येच दुसरा विनोद उसना आणावा लागत नाही.

दुसरी कसोटी अंगाची. काळा रंग, जाड शरीर, टक्कल, पुरुषानं नेसलेली साडी. 'चला हवा येऊ द्या' २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे अशी ताकदीची माणसं. पण या कार्यक्रमात रंगरूपावरचे विनोद फार झाले, आणि ते माझ्या मते फसलेल्या बाजूला जातात, हशा कितीही झाला असला तरी. भाऊ कदम नुसते गोंधळून उभे राहिले तरी हसू येतं. त्यांच्या रंगावर वाक्य टाकण्याची गरज लेखकाला का पडते? कारण लेखकाकडे प्रसंग संपलेला असतो. साडीचंही तेच. बालगंधर्वांनी साडी नेसली तेव्हा महाराष्ट्र हसला नाही, बायकांनी त्यांच्यासारखं नेसायला सुरुवात केली. साडी स्वतः विनोदी नसते. साडी नेसून जे पात्र उभं राहतं ते विनोदी असलं पाहिजे.

याच कार्यक्रमातलं एक अगदी उलट उदाहरण. सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे. पत्रं अरविंद जगतापांची. तासभर हसलेला प्रेक्षक गप्प व्हायचा, डोळे पुसायचा. विनोदी कार्यक्रमात रडवणं हे जमलेलं की फसलेलं? माझं मत, जमलेलं. तमाशानंही हे केलं, गाडगेबाबांनी तर रोज केलं. हसून सैल झालेल्या माणसाच्या मनात गंभीर गोष्ट लवकर शिरते.

तिसरी कसोटी बोलीची, आणि इथं मी जरा थांबणार आहे.

वऱ्हाडी पात्र म्हणून पुष्कळदा काय दिसतं? पुण्याचं वाक्य घ्यायचं आणि त्यावर 'मले', 'तुले', 'काऊन', 'पोट्टं' हे शब्द भुरभुरायचे. 'मले जेवायचं आहे, तू काऊन थांबलास?' राजेहो, असं आपल्याकडे कोण बोलतं? आपण म्हणतो, 'मले जेवाचं हाय, तू काऊन थांबला?' शेवटचा 'स' आपल्याकडे नाही. 'मी जेवतोय' नाही, 'जेवून राह्यलो'. 'डोळा' नाही, 'डोया'. 'जवळ' नाही, 'जवय'. बोली म्हणजे शब्दांची पिशवी नाही, तिला तिचं व्याकरण आहे. लेखकानं फक्त शब्द ऐकले आणि वाक्य ऐकलंच नाही, की स्किट तिथंच फसतं. 'पोट्टं' म्हटलं की प्रेक्षकांत हशा होतो. आपल्या घरात तो दिवसातून पन्नास वेळा येणारा शब्द आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे?

आता भारत गणेशपुरे पाहा. अमरावतीकडचे. पडद्यावर ते वऱ्हाडी बोलतात तेव्हा शब्दांपेक्षा चाल आधी लक्षात येते. घाई नाही. समोरचा आरडाओरडा करतोय आणि हे रेलून, शांतपणे, एक वाक्य टाकतात. हसू येतं ते त्या माणसाच्या निवांत हुशारीला. शहरी माणूस जास्त बोलून हरतो आणि वऱ्हाडी माणूस कमी बोलून जिंकतो. इथं बोली टोपी राहत नाही, पात्राचा स्वभाव होते. मिर्झा रफी अहमद बेग यांची 'मिर्झा एक्सप्रेस' ज्यांनी ऐकली, त्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

कोणी म्हणेल, बोली मुळातच गमतीदार आहे, त्याला काय करणार? त्याला माझं उत्तर एकच. उद्धव शेळक्यांची 'धग' वाचा. १९६० ची कादंबरी. कौतिक वऱ्हाडीतच बोलते, आणि वाचणाऱ्याच्या ओठावर एकदाही हसू येत नाही. तीच बोली, तेच 'मले' आणि 'तुले'.

हे मी एवढ्या तपशिलात का सांगतोय? कारण हिशेब टीव्हीवर संपत नाही. बडनेरा जंक्शन आहे. इथून रोज रात्री आपली पोरं गाडीत बसून पुण्या-मुंबईला शिकायला, नोकरीला जातात. तिथं पहिलं वाक्य बोलल्यावर समोरचा हसतो, आणि 'ते टीव्हीवर बोलतात तसं बोल ना' म्हणतो. मग पोरगं काही महिन्यांत 'मला-तुला' करायला लागतं, घरी फोनवरसुद्धा. हसणाऱ्यानं मुद्दाम अपमान केलेला नसतो. त्याला ही बोली फक्त विनोदातच भेटलेली असते.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढचा भाग पाहताना हसा, भरपूर हसा. नंतर घरात तीन प्रश्न विचारा. शेवट सापडला का? अंगावर विनोद केला की प्रसंगावर? आणि आपल्या बोलीचं पात्र आलं असेल, तर त्या पात्रासोबत हसलो की त्या पात्राला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या समीक्षकाला देता येणार नाही. वाक्य खरं की खोटं, हे कानाला कळतं, आणि तो कान आपल्याकडे आहे. चुकलं असेल तर वाहिनीला कळवा, लिहा. आणि आपल्यातल्या लिहिणाऱ्या पोट्ट्यांनो, वऱ्हाडी स्किट तुम्हीच लिहा. शब्द तर कोणीही टाकेल, पण 'जेवून राह्यलो' तुम्हालाच सुचेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि ते वऱ्हाडीतच विचारा.