मुक्त ज्ञानकोशात उतारे का नकोत

मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत एक समज इतका मुरला आहे की त्याला कुणी समज म्हणत नाही. तो असा: ज्ञान ही कुणाची खासगी मिळकत नव्हे. मराठीत मजकुराचा आधीच दुष्काळ आहे. जुनी पुस्तके मिळत नाहीत, मासिके बंद पडली, कोशांचे खंड ग्रंथालयांच्या कपाटांत धूळ खात आहेत. अशा वेळी कुणी रात्र जागून पुस्तकातली किंवा वृत्तपत्रातली दोन पाने जशीच्या तशी ज्ञानकोशात उतरवली, खाली पुस्तकाचे नाव दिले, तर त्याने भाषेची सेवाच केली. लेखकाचे त्यात काही जात नाही, उलट नाव चार लोकांत पोचते. प्रताधिकाराच्या नियमावर बोट ठेवून तो मजकूर उडवणारा प्रचालक हाच खरा अडथळा आहे.

या समजामागची तळमळ खरी आहे. म्हणूनच त्याचे उत्तर नुसत्या नियमाच्या आकड्याने देऊन भागणार नाही.

पहिला मुद्दा ज्ञानाच्या मालकीचा. ज्ञान कुणाचे नसते हे कायद्यालाही मान्य आहे. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला, अशी तक्रार घेऊन नाटककार आर. जी. आनंद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८च्या निकालात न्यायालयाने सांगितले की कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक घटना यांवर प्रताधिकार नसतो. तो असतो मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर. नाटककार तो खटला हरले. दोन्हींचा विषय प्रांतवाद होता, आणि त्यावर नाटक किंवा चित्रपट करायला सगळे मोकळे होते आणि आहेत. तेव्हा ‘ज्ञान मुक्त आहे’ हे उतारा उचलणाऱ्याच्या बाजूचे प्रमाण होऊच शकत नाही. ज्ञान त्याला आधीपासून मोफत मिळालेले आहे. तो मागतो आहे दुसऱ्याची वाक्ये.

हा फरक कागदावर बारीक वाटतो, म्हणून एक नमुना घेऊ. समजा, एखाद्या रविवार पुरवणीत लोणारबद्दल असे वाक्य आहे: ‘अवकाशातून आलेल्या पाहुण्याने बुलढाण्याच्या काळ्या पाषाणावर उमटवलेली ही मुद्रा आजही अभ्यासकांना साद घालते आहे.’ ते तसेच डकवू नये हे बहुतेकांना पटते. मग काय केले जाते? ‘अंतराळातून आलेल्या अतिथीने बुलढाण्याच्या काळ्या कातळावर उमटवलेला हा ठसा अजूनही संशोधकांना हाक मारतो आहे.’ शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा, प्रतिमा, क्रम सगळे मूळ लेखकाचेच राहिले. पर्यायी शब्द पेरून उसनेपण जात नाही. शिवाय एवढी मेहनत करून वाचकाच्या हाती काय आले? काहीच नाही. ज्ञानकोशाला हवे ते असे: लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे, ते बेसाल्ट खडकात आघाताने तयार झालेल्या विवरात आहे, विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे; पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे; जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे; त्याच वर्षी सरोवराचा पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. ही विधाने वेगवेगळ्या स्रोतांतून येतात. भूशास्त्राचा निबंध, सूक्ष्मजीवांवरचा अहवाल, रामसरची नोंद असे तीन स्रोत वाचून, मिटवून, टिपणांवरून आपल्या शब्दांत लिहिले आणि प्रत्येक विधानाला त्याचा संदर्भ जोडला, की प्रताधिकाराचा प्रश्न उरतच नाही. चांगले संपादन आणि कायद्याचे पालन ही दोन वेगळी कामे नाहीत, हे इथे उघड दिसते.

दुसरा मुद्दा श्रेयाचा. ‘खाली पुस्तकाचे नाव दिले आहे’ हे उत्तर इतक्या निरागसपणे दिले जाते की विचारणाराच ओशाळतो. पण श्रेय आणि परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विकिपीडियावर मजकूर जतन करताना लिहिणारा एक करार करत असतो: हा मजकूर मी क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० या परवान्याखाली देतो, आणि हे देणे मला परत घेता येणार नाही. या परवान्याने जगातल्या कुणालाही तो मजकूर छापण्याची, बदलण्याची, विकण्याचीसुद्धा मुभा मिळते. उद्या एखाद्या प्रकाशकाने त्यावरून स्पर्धा परीक्षेचे पुस्तक काढून विकले, तर ते रीतसर असते. मूळ लेखकाने ही मुभा कधी दिली होती? ज्या जमिनीचा सातबारा आपल्या नावावर नाही, तिचे दानपत्र करता येत नाही. आणि फसतो तो प्रकाशक, ज्याने ज्ञानकोशाच्या शब्दावर विश्वास ठेवला.

१९५७च्या प्रताधिकार कायद्यातल्या कलम ५२ची ढालही पुढे केली जाते. ते कलम खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी उचित वापराला वाव देते. समीक्षेच्या ओघात अवतरणचिन्हांत दोन ओळी देणे त्यात बसते. अख्खे प्रकरण विक्रीयोग्य परवान्याखाली खुले करणे त्यात बसवायचे म्हणजे कलमाची ओढाताण आहे.

‘सरकारी ते सर्वांचे’ हा असाच आणखी एक गैरसमज. भारतात शासकीय प्रकाशनालाही प्रताधिकार असतो, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे. न्यायालयांचे निकाल, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल यांना कायद्यानेच सवलत दिली आहे. प्रत्येक शासकीय पुस्तिकेला किंवा संकेतस्थळाला ती लागू होत नाही. वाचायला खुले असणे आणि उचलायला खुले असणे यांत अंतर आहे.

‘जुने ते मुक्त’ यात मात्र तथ्य आहे, आणि इथे आपण फार आळस करतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती; १९४१ साली निवर्तलेल्या रवींद्रनाथांचे साहित्य मोकळे होण्याची वेळ आली, तेव्हा ती वाढवण्यात आली. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांची पुस्तके भारतात २०११पासून मुक्त आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७पासून मुक्त झाले. पण मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात, आणि मूळ इंग्रजी ग्रंथ मुक्त झाला तरी त्याच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. बाबासाहेबांचे शब्द म्हणून आपण उतरवतो ते पुष्कळदा अनुवादकाचे शब्द असतात. त्याची मेहनत आपल्या हिशेबातच नसते.

शिवाय कायद्याने मुक्त असलेला मजकूर ज्ञानकोशाला योग्य असतोच असे नाही. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली गेले. त्यांच्या लेखनाची मुदत केव्हाच संपली. पण शंभर वर्षांपूर्वीची लोकसंख्या, तेव्हाच्या सीमा, जातींविषयीची तेव्हाची भाषा आजच्या लेखात सरळ उतरवली तर ती चूकच. अशा ग्रंथाचे पान विकिस्रोत या सहप्रकल्पावर जसेच्या तसे जपावे आणि विकिपीडियावर ते स्रोत म्हणून तपासून वापरावे.

आता सगळ्यांत वजनदार मुद्दा: मराठी विकिपीडिया छोटा आहे, आधी भरू द्या, मग निवडू. माझे म्हणणे नेमके उलट आहे. मनुष्यबळ कमी आहे म्हणूनच हे परवडत नाही. उचललेल्या मजकुरावर लेखाचा पाया घातला, नंतर कुणी शुद्धलेखन सुधारले, कुणी वाक्ये सोपी केली, कुणी परिच्छेद जोडले. दोन वर्षांनी मूळ पुस्तक उघडकीला आले की पाया काढावा लागतो, आणि त्या वाक्यांवर इतरांनी केलेले काम त्यांच्यासकट जाते. लेखाच्या इतिहासातल्या आवृत्त्याही झाकाव्या लागतात. मोठ्या भाषेतल्या ज्ञानकोशात हे निस्तरायला माणसे असतात. आपल्याकडे निस्तरणारेही तेच मूठभर, ज्यांनी त्या वेळात नवे लेख लिहिले असते.

उताऱ्यांची भाषाही लेखाला बाधते. वृत्तपत्रातून आलेला मजकूर ‘नुकतेच’ आणि ‘येत्या रविवारी’ घेऊन येतो, मृत्युलेखातून आलेला ‘अजातशत्रू’ आणि ‘न भरून येणारी पोकळी’. हे शब्द वर्षानुवर्षे तसेच राहतात, कारण उतरवणाऱ्याने मजकूर वाचलेलाच नसतो. स्रोतातली चूकही तशीच येते. एकाच ठिकाणाहून उचलल्यावर ती पकडणार कशाशी ताडून?

विरोधकांची एक तक्रार मला पूर्ण मान्य आहे. नवख्या माणसाच्या चर्चा पानावर इशाऱ्याचा साचा लावून निघून जाणे हे संपादन नव्हे. त्याने काय वाचले ते विचारावे, त्याचेच दोन परिच्छेद त्याच्याबरोबर बसून नव्याने लिहावेत. इंग्रजी विकिपीडियावरून अनुवाद करता येतो, फक्त बदलाच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यायचा, ही साधी गोष्टसुद्धा पुष्कळांना कुणी सांगितलेली नसते.

आणि ज्याला खरोखर एखादा अख्खा ग्रंथ मोकळा व्हावा असे वाटते, त्याच्यापुढे रस्ता आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. ते झाले कारण कुणीतरी विद्यापीठाकडे जाऊन ते मागितले आणि विद्यापीठाने दिले. कायद्याच्या कलम २१ने लेखकालाही आपला हक्क जाहीरपणे सोडता येतो. बंद पडलेल्या मासिकांचे वारस, साहित्य संस्था, विद्यापीठांचे प्रकाशन विभाग यांच्याकडे अशी लेखी मागणी घेऊन किती जण गेले? गुपचूप उतरवून घेण्याची सवय या मागणीच्या मुळावर आली आहे. उचललेला लेख आज ना उद्या काढावा लागतो. लेखी परवाना मिळाला, तर ग्रंथ कायमचा मोकळा होतो.