दाखोचा खटला आणि आईची सही



दशलक्षण पर्वाच्या आधी घर झाडायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक जुना कागद सापडला. आईच्या हक्कसोडपत्राची नक्कल. १९८४ साल. आजोबा गेल्यावर तिने मामांच्या नावे सही करून दिली होती. बदल्यात काय मिळालं, असं विचारलं तर आई एवढंच म्हणाली, "दरवर्षी भाऊबीजेची साडी. आणि माहेर राहिलं."

त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या गटात वाद रंगला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने म्हटलं, की २०१४ पासून जैन हा अल्पसंख्याक समाज असल्यामुळे त्यांना हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट मागता येणार नाही. मार्चमध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण कायद्यातच जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरी आमच्याकडे प्रश्न उरलाच, "आपला धर्म वेगळा, मग कायदा हिंदूंचा का?" मलाही क्षणभर ते पटलं. मग आईचा कागद आठवला आणि जरा जुनी पानं चाळली.

इंग्रजी अमदानीत लग्न, दत्तक, वारसा या बाबी ज्याच्या त्याच्या धर्माच्या कायद्याने चालत. जैनांचं काय करायचं, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला. १८७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भगवानदास तेजमल यांच्या खटल्यात सांगितलं, की जैनांना सर्वसाधारणपणे हिंदू कायदाच लागू होईल. वेगळी रूढी आहे असं जो म्हणेल, त्याने ती पुराव्याने सिद्ध करावी.

आणि एका बाईच्या खटल्यात ती सिद्ध झाली. तिचं नाव दाखो. उत्तर हिंदुस्तानातल्या सरावगी अगरवाल जैन घराण्यातली, मुलगा नसलेली विधवा. शिवसिंग राय विरुद्ध दाखो हा खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८७८ मध्ये निकाल लागला. या जैनांच्या रूढीप्रमाणे निपुत्रिक विधवा नवऱ्याच्या निदान स्वकष्टार्जित मालमत्तेची पूर्ण मालकीण होते, आणि दत्तक घ्यायला तिला नवऱ्याची परवानगी लागत नाही, असं ठरलं.

याचं मोल कळायला तेव्हाच्या हिंदू विधवेची स्थिती आठवा. नवऱ्याची मालमत्ता तिच्याकडे आली तरी ती हयातीपुरती. खऱ्या गरजेशिवाय विकता येत नसे, आणि तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे जाई. आमच्या मुंबई इलाख्यात दत्तकासाठी नवऱ्याची स्पष्ट परवानगी लागत नसे, पण उत्तरेत बनारस परंपरेत ती लागे. त्या काळी दाखोच्या हाती आलेला हक्क केवढा मोठा होता!

पुढे चंपतराय जैन या बॅरिस्टरांनी १९२६ मध्ये 'जैन लॉ' हे पुस्तक काढलं. भद्रबाहु संहितेसारख्या ग्रंथांच्या आधारे, जैनांचा कायदा स्वतंत्र आहे आणि तो विधवेला मालकीण मानतो, असं त्यांनी मांडलं. मला हे वाचून अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण एक गोष्ट खटकली. रूढी सिद्ध करायची म्हणजे जातीतल्या जाणत्या मंडळींनी ती सांगायची. ती मंडळी बहुधा पुरुष. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही, तर बाईच्या हाती काय राहणार? आणि एका समाजापुरती सिद्ध झालेली रूढी दुसऱ्या गावच्या जैन बाईला उपयोगी पडेलच, असंही नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्याने वेगळी वाट धरली. घटनेच्या ४४ व्या कलमात सर्वांसाठी एक नागरी कायदा हे ध्येय म्हणून लिहिलं, पण लगेच आणला नाही. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी जिवाचं रान केलं, ते रखडलं. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागचं हे एक मोठं कारण. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचेच चार तुकडे चार कायदे होऊन आले, आणि ते हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू झाले. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेची हयातीपुरती मालकी पूर्ण मालकी केली. दाखोला जे झगडून मिळालं, ते आता साक्षीदारांविना प्रत्येकीचं झालं. मुलीलाही वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळाला. मात्र वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क मुलांचाच राहिला. तो मुलींना महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, तोही आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये देशभर सगळ्या मुलींना तो मिळाला.

आता सांगा, धर्माचा कायदा बरा की सरकारचा? विधवेपुरती आपली रूढी पुढे होती. मुलीपुरता सरकारचा कायदा पुढे गेला. दोन्ही वेळी मला एकच गोष्ट दिसते. हक्क तिच्या हातात खरोखर येतो की नाही, यावर कायद्याचं मोल ठरतं. नाव जैन असो की हिंदू, की उद्या आणखी काही.

आईला कायद्याने १९५६ पासूनच वाटा होता. तरी तिने सही केली. तिला कुणी धमकावलं नव्हतं. अंगठा धरून जबरदस्ती केली नव्हती. सगळ्या चांगल्या बहिणी करतात, म्हणून तिने केली. यात ना आगम आडवा आला, ना संसद. आडवी आली ती घरातली रीत.

आपण अपरिग्रहाचं नाव घेतो. पण त्याग करायला आधी वस्तू आपली असावी लागते. जे कधी हाती दिलंच नाही, ते सोडायला लावणं हा त्याग कसा?

माझा भाऊ भला आहे. वडील गेल्यावर त्यानेही कागद तयार करून आणला, अगदी सहज, पेढ्यांच्या बॉक्ससोबत. मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, "दादा, सही नाही करणार. वाटणी करू. मग माझ्या वाट्याचं काय करायचं ते मी ठरवेन." तो दोन महिने बोलला नाही. क्षमावाणीच्या दिवशी त्याचा फोन आला, "उत्तम क्षमा." मीही म्हटलं, "उत्तम क्षमा." मग तो हळूच म्हणाला, "तलाठ्याकडे सोमवारी जाऊ या का?"

आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. जुना कागद मात्र तिने मागून घेतला आणि पुन्हा एकदा वाचला.