मिठावरचा नाका

पेण म्हटले की आज लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात, नाहीतर पोह्याचे पापड. आमच्या घरात मात्र पेण म्हणजे मीठ. माझे आजोबा अंतोऱ्याच्या बाजूच्या खारेपाटात आगरात राबले, त्यांचे वडीलही तिथेच राबले. मी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर गावच्या मिठाचा इतिहास जमवू लागलो, तेव्हा कागदांत हाती आला तो बराचसा मिठाच्या पहाऱ्याचा इतिहास. कोणी मीठ करायचे, कोणत्या वाटेने न्यायचे, कुठे थांबून पैसे मोजायचे, हे गेल्या साडेतीनशे वर्षांत सरकारांनी पुन्हा पुन्हा ठरवले. आमच्या आगरांचे बरेवाईट त्या ठरवण्यानेच झाले.

आधी भूगोल सांगतो. पेण भोगावतीच्या काठी आहे आणि अंतोरे हे त्याचे बंदर. धरमतरच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर मचवे आणि पडाव आत येत. पलीकडे कुंडलिकेवर रोह्याला लागून अष्टमी आहे, तिथेही भरतीचे पाणी पोचते. म्हणजे समुद्र या दोन्ही गावांच्या दारापर्यंत येतो आणि पाठीशी सह्याद्री उभा. घाटावर पिकत नाही ती एक गोष्ट आमच्याकडे उन्हात पिकते. घाटावरचा माणूस ज्वारी, गूळ, मिरची पिकवील. मीठ मात्र त्याला खालूनच आणावे लागे. लमाणांचे तांडे बैलांवर गोणी लादून बोरघाटाने वर जात आणि येताना धान्य घेऊन उतरत. पेण, पनवेल आणि नागोठणे ही या व्यापाराची मोठी ठाणी होती.

मीठ पिकवणे म्हणजे खाडीचे पाणी आणून वाळवले की झाले, असे शहरातल्या पुष्कळ लोकांना वाटते. पावसाळा सरला की आधी बांध दुरुस्त करायचे. आमच्याकडे बांध म्हणजे जीव; तो फुटला तर मीठ जाते आणि मागचे भातही जाते. मग उधाणाच्या भरतीला उघाडीतून पाणी आत घ्यायचे, मोठ्या तळ्यात साठवायचे, तिथून ते एका उथळ वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवत न्यायचे. दर वाफ्यात पाणी अधिक खारट, अधिक जड होत जाते. शेवटच्या वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून घट्ट केलेली असते, नाहीतर पाणी जिरते आणि मिठात माती येते. माघ-फाल्गुनात दाणा धरू लागतो. तो लाकडी फळीने ओढून बांधावर रास करायची, खारे पाणी निथळू द्यायचे आणि पावसाआधी रास गवताने शाकारायची. वळवाची एक सर पडली की महिन्याची मेहनत पुन्हा पाणी होते. आजोबांच्या तळपायांना मिठाने पडलेल्या भेगा शेवटपर्यंत भरल्या नाहीत. ही मेहनत लक्षात ठेवली, तरच पुढच्या करांचे आकडे अंगाला लागतात.

आता पहाऱ्याकडे येतो. 7 डिसेंबर 1671 रोजी शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीबद्दल पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते, म्हणून घाटावरचे व्यापारी तिकडे वळू लागले होते. महाराजांनी हुकूम केला की संगमेश्वराकडे मीठ काय भावाने पडते ते पाहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते आपल्या मिठापेक्षा महागच पडेल. तसे केले नाही तर व्यापारी सगळे तिकडे जातील आणि आपली बंदरे ओस पडतील, हे कारणही त्यात दिले आहे. पत्र कुडाळचे असले तरी ते पेणकरांनी वाचावे असे मला वाटते. मिठाचा भाव ठरताना आगरातला माणूस ज्याच्या नजरेसमोर आहे, असा राज्यकर्ता त्यात दिसतो. पैसा बाहेरच्या मालाकडून घ्यायचा आणि आतला माल टिकवायचा, एवढे साधे धोरण.

बाहेरच्या व्यापाऱ्यांशीही अशाच विचाराने करार होई. 1674 साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकासाठी रायगडाला निघाला, तो मुंबईहून चौलला आणि तिथून खाडीने अष्टमीला येऊन पुढे निजामपुराच्या वाटेने गेला. इंग्रजांनी आणलेल्या मालावर शेकडा अडीच जकात घ्यावी, हे त्या भेटीच्या तहातले एक कलम होते. रोहेकरांनी हे ध्यानात ठेवावे: राज्याभिषेकाच्या वर्षी त्या तहासाठी आलेला वकील त्यांच्याच खाडीतून वर चढला.

1818 साली पेशवाई बुडाली आणि पेण कंपनी सरकारकडे गेले. कंपनीने सुरुवातीला जुनेच नाके चालवले. जागोजागी जकात, प्रत्येक वळणावर अडवणूक. व्यापारी खरोखरच त्रासले होते. 1838 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या या वाटेवरच्या जकाती रद्द झाल्या. चांगले झाले, असेच कोणीही म्हणेल. पण त्या जकातींचे बुडणारे उत्पन्न भरून काढायला आदल्याच वर्षी, 1837 साली, मिठावर मणामागे आठ आणे कर बसवला गेला होता, आणि तोही मीठ आगरातून उचलतानाच घ्यायचा. मण म्हणजे 40 शेरांचा सरकारी मण, आजचे सुमारे 37 किलो. माझ्या मते आमच्या मिठाच्या इतिहासातले सगळ्यात मोठे वळण हेच. घाटातला नाका उठला आणि आगराच्या बांधावर येऊन बसला. पूर्वी सरकार व्यापाऱ्याच्या गोणीकडे पाहत होते, आता ते मीठ पिकवणाऱ्याच्या हाताकडे पाहू लागले.

पुढे तो कर वाढतच गेला. 1844 साली आठ आण्यांचा एक रुपया केला, तेव्हा सुरतेला लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. 1859 ला पुन्हा एक रुपया, 1865 ला दीड रुपया, 1869 ला एक रुपया तेरा आणे. आणि मग दख्खनच्या मोठ्या दुष्काळात, 1877-78 च्या हंगामात, तो अडीच रुपये झाला. आमचे मीठ ज्या गावांत जात होते, तिथे माणसे अन्नावाचून मरत होती. मीठ पिकवायला मणामागे काही आणे लागत. त्यावर कर अडीच रुपये. ज्याला पोटाला कण्या मिळत नव्हत्या, त्याच्या कण्यांतल्या मिठावर हा बोजा होता. हे वाचताना माझे रक्त आजही तापते.

कर एवढा वाढला म्हटल्यावर पहारा वाढणारच. 1873 चा मुंबईचा मिठाचा कायदा आणि नंतर 1890 चा कायदा यांनी बंदोबस्त पुरा केला. परवान्याशिवाय मीठ करायचे नाही. अंमलदारासमोर तोलल्याशिवाय, कर भरून परवाना घेतल्याशिवाय रास हलवायची नाही. खाजणात आपोआप धरलेले मीठ खरवडून घरी नेणे हाही गुन्हा. या पहाऱ्याचा खर्च लहान आगरांवर परवडेना, म्हणून कोकणातली कित्येक लहान आगरे बंदच केली गेली. समुद्र तोच, ऊन तेच, माणसेही तीच, पण आगर सरकारी हिशेबात बसत नाही म्हणून मोडले. आजी ते दिवस सासूकडून ऐकून होती. ती म्हणायची, “पानी दर्याचा, ऊन देवाचा, मंग पैसं सरकारला कनाला?” वर्गात हा धडा शिकवताना मला कधी तिच्याइतके थोडक्यात सांगता आले नाही.

पहारा फक्त आमच्यावर नव्हता. उत्तरेत सिंधूपासून थेट बऱ्हाणपुराच्या बाजूपर्यंत इंग्रजांनी काटेरी कुंपणाची जकातरेषा उभी केली होती. कोकणचे मीठ घेऊन पूर्वेकडे जाणाऱ्याला तिथे पुन्हा कर मोजावा लागे. ती रेषा 1879 साली उठली. गोव्याचे मीठही सुटले नाही. 1878 च्या तहाने पोर्तुगीजांच्या मिठागरांवर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि 1892 मध्ये करार संपेपर्यंत ते राहिले. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जकात लावली ती संगमेश्वराचे आगर वाचवायला. इंग्रजांनी त्याच गोव्याच्या मिठाला आवरले ते आपला कर चुकू नये म्हणून. माल एक, प्रदेश एक. नियम करणाऱ्याचा हेतू मात्र उलटा.

याच काळात दुसरा तडाखा बसला तो रेल्वेचा. 1863 मध्ये बोरघाटातून गाडी वर गेली आणि लमाणांचे तांडे विरळ झाले. गाडी पेणवरून गेली नाही, ती कल्याण-कर्जतवरून गेली. पुढे गुजरातेत खाराघोड्याला सरकारने स्वतः मोठे मिठागर उभारले आणि तिथले मीठ वाघिणी भरून थेट देशभर जाऊ लागले. अंतोऱ्याच्या धक्क्यावर पडाव येत राहिले, पण घाटावरची गिऱ्हाइके तुटली ती तुटलीच.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे ऋण आमच्यावर आहे. 1902 च्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी मिठाच्या करावर कठोर टीका केली. सरकारच्या तिजोरीत शिल्लक आहे आणि गरिबाच्या मिठावर कर आहे, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. 1903 ला कर दोन रुपये झाला, 1905 ला दीड, 1907 ला एक. कोतळूकच्या त्या कोकणी माणसाला मिठाची किंमत ठाऊक होती.

1930 चा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. आमच्या किनाऱ्यावर शिरोड्याला 12 मे रोजी मोठा सत्याग्रह झाला. मला त्यानंतरच्या गांधी-आयर्विन करारातले एक कलम महत्त्वाचे वाटते. 5 मार्च 1931 च्या त्या कराराने किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ करायची मोकळीक मिळाली, पण गावाच्या शिवेबाहेर ते न्यायचे नाही. म्हणजे नाका आता आगराच्या बांधावरून गावाच्या वेशीवर सरकला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या बाजारात येणाऱ्या परदेशी मिठावर मणामागे साडेचार आणे जादा आयातकर बसला. बाहेरच्या मालावर कर लावून आतला माल राखायचा, ही 1671 ची रीत 260 वर्षांनी दिल्लीला सुचली. फायदा झाला तो एडन-ओख्याच्या मोठ्या कारखान्यांना. पेणच्या दोन-चार एकरांच्या आगराला तोवर तसले धोरण पेलण्याचे बळ राहिले नव्हते.

1 एप्रिल 1947 पासून मिठावरचा कर गेला. 1948 मध्ये दहा एकरांपर्यंतच्या आगरांना परवानाही लागेनासा झाला. आजोबांच्या तोंडून मी त्या वर्षांचा आनंद ऐकला आहे. पुढे मात्र मजूर मिळेनासा झाला, खाडीकाठी कारखाने आले, बांध फुटले ते कोणी बांधले नाहीत आणि गुजरातचे मीठ स्वस्तात दारात येऊ लागले. देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ आज तिथे पिकते. 2006 पासून आयोडीन नसलेले मीठ थेट खाण्यासाठी विकायला बंदी आहे. गलगंडाचा आजार टाळण्यासाठी हा नियम योग्य आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आयोडीन मिसळायचे यंत्र लहान आगरवाल्याकडे कुठून येणार? त्याचे खडे मीठ सुक्या मासळीला आणि गुरांना उरले. नियम करताना लहान आगरवाल्याला ते यंत्र मिळेल अशी सोय सरकारने सोबत करायला हवी होती, आणि ती आजही करता येईल.

पेण, रोहा, उरण, पनवेल या खारेपाटातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. घरातल्या जुन्या पेट्यांत मिठाचे परवाने, तोलाच्या पावत्या, आगराचे करारपत्र, खारबंदिस्तीची पंचांची वही असे काही सापडले, तर ते रद्दीत घालू नका. त्याचे फोटो काढून ठेवा, शाळेत किंवा ग्रंथालयात एक प्रत द्या, आणि घरात आगरात राबलेले म्हातारे माणूस असेल तर त्याचे बोलणे या उन्हाळ्यातच ध्वनिमुद्रित करा. सरकारचे कायदे दफ्तरात जपलेले आहेत. आगरवाल्याची बाजू फक्त आपल्या घरात आहे.